ताठ शेपटीची भिंगारवाली

उंच माणूस भित्रा असू शकतो, यावर आपल्याकडे कोणाचा विश्वास बसत नाही. बुटक्या माणसाने पाल पाहून किंकाळी फोडली तर लोक हसतात आणि विसरून जातात. सहा फूट चार इंची माणूस पाल पाहून एक पाऊल मागे सरला, तर लोकांना वाटतं हा आता पवित्रा घेतोय. सावेडीच्या उत्कर्ष सोसायटीत राहणाऱ्या भीमराज भिंगारदिव्यांची अब्रू आजवर या एका गैरसमजावर टिकून होती. सोसायटीत कोणाकडे साप निघाला की पहिली हाक त्यांना. ते जात आणि दारात उभे राहत. एवढा देह दारात उभा राहिला की खोलीतला उजेड बंद होई आणि साप आपण होऊन मोरीतून निघून जाई. लोक म्हणत, भिंगारदिव्यांना बघूनच पळाला. भीमराज त्यावर काहीच बोलत नसत, कारण त्यांची दातखीळ बसलेली असे. लोकांना तो विनय वाटे.

साप, विंचू, वीज, इंजेक्शन, उतार आणि मोठ्या आवाजात बोलणारे वरिष्ठ, या सगळ्यांना ते भीत. पण कुत्र्याला जे भीत, ती भीती वेगळ्याच प्रतीची. हे गुपित त्यांच्या पत्नीला, भारतीबाईंना तेवढं ठाऊक होतं. त्या प्राथमिक शाळेत शिक्षिका असल्यामुळे भित्र्या जिवांची त्यांना सवय होती. बाहेर मात्र हे कळलं असतं तर संपलंच. भित्रा माणूस चेष्टेपुरता राहतो. उंच आणि भित्रा असला तर गावाची करमणूक होते.

ही गोष्ट पंच्याण्णव सालच्या उन्हाळ्यातली. भीमराज मृदसंधारण खात्यात होते. मांजरसुंब्याच्या डोंगरावर नवे बांध घातले होते आणि ते पावसाच्या आत तपासून यायचा हुकूम झाला होता. कचेरीची जीप विटांवर उभी होती. "टायरचा प्रस्ताव नाशिकला गेलाय सायेब," ड्रायव्हर सूर्यभान म्हणाला. "नाशिकनी उलटा सवाल केलाय, जुनं टायर झिजलं कशानं? आता काय लिवावं? चालवल्यानं झिजलं म्हनलं तर इचारत्याल, चालवलं कशाला?"

भीमराजांची स्वतःची मोपेड होती, पण ती चढावर अर्ध्यात दम टाकी. शिवाय तिच्यावर बसलं की त्यांचे गुडघे हँडलच्या वर येत आणि पाय दोन्ही बाजूंना जमिनीपासून वीतभर अंतरावर लोंबत. डोंगरावरच्या वस्त्यांतल्या कुत्र्यांना असं वाढलेलं ताट रोज कुठून मिळणार? एकदा त्यांची चप्पल गेली, एकदा पँटची मोहरी. तिसऱ्या वेळी काय जाईल या विचाराने त्यांना घाम फुटे. तेव्हा त्यांनी मनाशी ठरवलं की दगडाधोंड्यांतून पळेल, चढ चढेल, आवाज करणार नाही आणि पाय उंच ठेवील अशी सायकल घ्यायची.

हे ठरवणं सोपं होतं. श्रीमंत सायकलवाल्याने दुकानातली सगळ्यांत मोठी चोवीस इंची सायकल काढली, सीटची दांडी शेवटापर्यंत वर ओढली, भीमराजांना वर बसवलं आणि लांब जाऊन डोळे बारीक करून पाहिलं. "सायेब, राग मानू नका. सायकल तुमच्यावर बसल्यासारखी दिसती." सीट वर गेलं तरी हँडल जागेवरच राहिलं होतं, त्यामुळे भीमराज नमस्कार घालत चालल्यासारखे वाकले होते आणि वळताना गुडघा हँडलला लागत होता. "याच्या म्होरं मग माप न्हाई," श्रीमंतने सांगून टाकलं. "याच्या म्होरं बैलगाडी."

तेव्हा सूर्यभाननेच बातमी आणली. भिंगारच्या छावणीतले एक मेजरसाहेब बदलून चालले होते. तेही ताडमाड होते आणि अमेरिकेला कसल्याशा कोर्सला गेले असताना त्यांनी तिकडून डोंगरात चालवायची सायकल आणली होती. ती त्यांना विकायची होती, पण नगरमध्ये तिच्यावर बसून पाय टेकवू शकेल असा माणूस मिळत नव्हता.

भीमराजांनी मेजरसाहेबांना निरोप पाठवला आणि सोबत पी.पी. नंबर दिला. ज्यांना पी.पी. नंबर म्हणजे काय हे आठवत नसेल त्यांच्यासाठी सांगायला हवं, की त्या काळी अख्ख्या सोसायटीत एका घरी फोन असे आणि बाकीची घरं तोच नंबर आपला म्हणून सांगत. उत्कर्ष सोसायटीचा फोन सेक्रेटरी माधवराव ताम्हणकरांकडे होता. माधवराव निवृत्त मुख्याध्यापक, शिकवायचे इंग्रजी आणि उंचीने सव्वापाच फूट. लोकांचे निरोप ते जसेच्या तसे पोचवत, फक्त त्यांचा अर्थ स्वतः लावत.

"भिंगारहून एक फोन येईल," भीमराज त्यांना म्हणाले. कशाबद्दल ते मात्र सांगितलं नाही. सोसायटीत दोघांनी नुकत्याच मोटारी घेतल्या होत्या. अशा वेळी आपण मोपेडवरून सायकलवर उतरलो हे कळलं तर लोक काय म्हणतील, याची त्यांना भीती वाटली. त्यांना ज्या गोष्टींची भीती वाटे त्यांत लोक बरेच वर होते.

आणि त्याच आठवड्यात पलीकडच्या कॉलनीत घर फुटलं. चड्डी-बनियनवाली टोळी आली म्हणे. अंगाला तेल लावून येतात म्हणे, धरायला गेलं तर हातात काही राहत नाही म्हणे. पाहिलं कोणीच नव्हतं, पण सांगत सगळे होते. संध्याकाळ झाली की सोसायटीत कड्या लागू लागल्या. एकटे राहणारे तर पार हबकून गेले. त्यांत भीमराजांच्या शेजारच्या कलाबाई होत्या. मूळच्या जामखेडकडच्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा तुषार पुण्याला नोकरीवर. त्या दाराला आतून पाटा लावून बसू लागल्या.

अशा हवेत भिंगारचा फोन आला. माधवरावांनी उचलला.

"भिंगारदिवेजी को बोलिए, आके देख लें," मेजरांचा आवाज एवढा दणदणीत की माधवरावांच्या पत्नीला, लीनाताईंना, स्वयंपाकघरात ऐकू गेला. "एकदम अ‍ॅग्रेसिव्ह है! हार्डटेल है! छोटे कद के आदमी से नहीं सँभलेगी, फेंक देगी. और पकड़ ऐसी है कि एक बार पकड़ा तो छोड़ती नहीं."

माधवरावांनी घाबरत विचारलं, "नाम?" त्यांना मेजरांचं नाव हवं होतं.

"टायग्रेस!" मेजर म्हणाले आणि फोन ठेवला.

माधवरावांनी निरोप भीमराजांना शब्दशः सांगितला आणि भीमराजांना तो शब्दशः समजला. अर्थ मात्र माधवरावांनी बाकीच्या सोसायटीला सांगितला. "हार्ड म्हणजे कठीण. टेल म्हणजे शेपूट. ताठ शेपटीची जात आहे, मिलिटरीतली. आपल्याकडे कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं. त्यांनी तो प्रश्न मुळातच सोडवलेला दिसतो." लोकांनी माना डोलावल्या. नवल कोणालाच वाटलं नाही. एवढ्या धिप्पाड माणसाने चोरांच्या दिवसांत मिलिटरीची कुत्री आणायची नाही तर कोणी?

भीमराज भिंगारला गेले ते शनिवारी दुपारी. मेजरांच्या बंगल्याच्या फाटकातून आत पाऊल टाकलं आणि त्यांना समोर सायकल दिसायच्या आधी तिच्या शेजारी पसरलेलं कुत्रं दिसलं. काळं, वासराएवढं. ते उठलं, आळस दिला आणि भीमराजांचा उजवा गुडघा हुंगू लागलं.

"बैठिए, बैठिए!" मेजर सायकलकडे हात करून म्हणाले. भीमराजांनी पुढचं ऐकलंच नाही. जमिनीवरून दोन्ही पाय उचलायची सोय समोर उभी होती. ते टांग टाकून वर बसले, एक हात भिंतीला लावला आणि पाय पेडलवर घेतले. आता त्यांना खाली उतरता येईना, कारण खाली कुत्रं होतं.

मेजरांना मात्र वाटलं, गिऱ्हाईक रंगलं. ते भोवती फिरत एकेक गोष्ट समजावू लागले. पुढे शॉक आहे, मागे काही नाही, मागची बाजू सरळ कडक, म्हणून हिला हार्डटेल म्हणतात. फ्रेम लांब आहे, म्हणून उंच माणसाचे गुडघे अडत नाहीत. हँडल रुंद आहे, खडबडीत जागी हिसका बसत नाही. पेडल जमिनीपासून उंच आहेत, म्हणजे खालून दगड लागत नाही. एवढं एक वाक्य भीमराजांच्या कानात शिरलं, आणि दगडाच्या जागी त्यांनी कुत्र्याचं तोंड धरून हिशेब केला. "अमेरिकन है, ध्यान रखना, ब्रेक उलटे हैं," असंही मेजर म्हणाले. पण नेमकं तेव्हा कुत्र्याने पुढचे दोन्ही पाय भीमराजांच्या मांडीवर ठेवून त्यांच्या चेहऱ्याचं निरीक्षण चालवलं होतं. "जी, जी," भीमराज म्हणाले. त्या क्षणी मेजरांनी रणगाडा विकायला काढला असता तरी ते जी जी म्हणाले असते.

तरीही एक गोष्ट झाली, आणि ती खरी होती. त्या भीतीतसुद्धा भीमराजांच्या लक्षात आलं की आपले गुडघे कुठेच लागत नाहीत. पाठ सरळ आहे. हात लांब करून जिथे जायला हवेत तिथेच हँडल आहे. शाळेतल्या बाकापासून एस्टीच्या सीटपर्यंत आणि लग्नातल्या पाटापासून कचेरीतल्या टेबलापर्यंत, आयुष्यभर त्यांनी स्वतःला घड्या घालून बसवलं होतं. त्यांच्या मापाने बनवलेल्या वस्तूवर ते प्रथमच बसले होते. त्यांना भरून आलं. मेजरांना ते कौतुक वाटलं, आणि व्यवहार झाला.

टेम्पोत ताडपत्रीखाली घालून, स्वतः मागे बसून ती घट्ट धरून, भीमराजांनी सायकल दिवेलागणीला घरी आणली आणि ताडपत्रीसकट उचलून ओट्यावर ठेवली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. कोणी पाहिलं नाही म्हणून त्यांना हायसं वाटलं. प्रत्यक्षात सोसायटीतल्या एकूण एक खिडकीच्या फटीतून दोन दोन डोळे तो सोहळा पाहत होते.

रविवारी सकाळी माधवराव कुंपणापासून चार हात लांब येऊन उभे राहिले.

"आणलीत वाटतं?"

भीमराज ताडपत्रीच्या पुढे येऊन उभे राहिले. पण निरोप यांनीच घेतलेला, तेव्हा लपवण्यात अर्थ नव्हता. "आणली," ते हळूच म्हणाले. "पण कृपा करून गवगवा करू नका."

"छे, छे! साखळी मजबूत आहे ना?"

"परदेशी आहे. रात्रीच तेल दिलं."

मिलिटरीत साखळीलाही तेल देतात हे माधवरावांना नवीन होतं. शिस्त ती शिस्त. "अंगावर येते का हो?"

"उतारावर येते म्हणतात. मी अजून बाहेर नेली नाही."

"आणि परक्या माणसाच्या?"

यांना एक चक्कर मारायची दिसते, असं भीमराजांना वाटलं. "परक्याने हात न लावलेला बरा. लहान चणीच्या माणसाला तर फेकूनच देते म्हणाले."

माधवराव आणखी दोन पावलं मागे सरले. "मग रोजचं तिला काय लागतं?"

"रोजचं काही नाही. आठवड्यातून एकदा हवा दिली की झालं."

माधवरावांचा चेहरा उतरला. घरी जाऊन त्यांनी लीनाताईंना सांगितलं, लीनाताईंनी पुढे सांगितलं आणि दुपारपर्यंत सोसायटीभर झालं, की भिंगारदिवे तिला आठवडाभर नुसत्या हवेवर ठेवतात, म्हणून ती अ‍ॅग्रेसिव्ह आहे. उपाशी जनावर साखळी तोडून आलं तर आधी कोणाला खाईल, यावर चर्चा झाली. फाटकातून सुटलं की उतारावर सरळ समोर माधवरावांचं घर होतं.

सोमवारी पहाटे भारतीबाई सडा घालायला बाहेर आल्या तर फाटकाच्या आत दूधभाताचा गोळा पडलेला. शेजारी मटणाची हाडं. थोडं पलीकडे शिळ्या चपात्या, अर्धा वडा आणि एक उकडलेलं अंडं.

भीमराज आले, त्यांनी पाहिलं आणि त्यांच्या पाचावर धारण बसली. "उतारा," ते पुटपुटले. "भारती, कोणीतरी आपल्यावर करणी केली."

"काहीतरीच काय! असलं काही नसतं. बावीस प्रतिज्ञा घेतल्यात ना आपण?"

"आपण घेतल्यात," भीमराज म्हणाले. "टाकणाऱ्याने घेतल्यात का?"

भारतीबाईंनी उत्तर म्हणून खराटा घेतला आणि सगळं लोटून फाटकाबाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आता दूधभातावर साखरही होती. त्यांनी पुन्हा लोटलं. भीमराज रात्रंदिवस विचार करू लागले, आपण कोणाचं काय वाकडं केलं? भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तो असा. करणी काही दिसत नव्हती, पण तिच्या मागोमाग जे आलं ते चांगलं दिसत होतं, ऐकू येत होतं आणि शेपट्या हलवत होतं. फाटकाबाहेरच्या त्या अन्नछत्राची वार्ता सावेडीभर गेली आणि कुत्री जमली. आधी सोसायटीतली ओळखीची, मग नाक्यावरची, मग कुठून कुठून आलेली. बुधवारी फाटक उघडायची सोय राहिली नाही. भीमराज मागच्या भिंतीवरून उडी मारून पायी कचेरीत जाऊ लागले. सायकल ओट्यावर ताडपत्रीखाली होती तशीच होती. डोंगरावरचे बांधही तपासायचे तसेच होते, आणि कचेरीतल्या साहेबांचा आवाज रोज थोडा चढत होता.

त्या संध्याकाळी कलाबाई मागच्या भिंतीपाशी आल्या. हातात वाटी होती.

"जय भीम, भीमराज. ह्ये नळीचं हाड. तिला द्या. म्या आपली पुढून टाकीत हुते, पर ती भाईरची कुत्री खात्यात सगळं. तुमच्या कुत्रीच्या तोंडाला काय लागत न्हाई."

"कुठली कुत्री?" भीमराज म्हणाले.

"आवं, भिंगारवाली! ताठ शेपटीची!"

मग सगळा उलगडा झाला. दूधभात, हाडं, वडा, अंडं. करणी नव्हती म्हणून भीमराजांना क्षणभर एवढा आनंद झाला, की त्यांनी हसून "मावशी, ती कुत्री नाही," असं सांगायला तोंड उघडलंसुद्धा.

पण कलाबाई बोलत होत्या. "खरं सांगते, घर फुटलं त्या दिसापास्नं माझ्या डोळ्याला डोळा न्हाई. दाराला पाटा लावून बसायची निस्ती. पान हाललं तरी काळीज उडायचं. तुमी तिला आणली आन् त्या राती अशी झोपले बघा, उन्हं आली तवा जाग आली. म्हनलं, आता भ्या न्हाई. शेजारी राखण हाय." त्यांनी वाटी भिंतीवर ठेवली. "लई उपकार झालं बाबा."

भीमराजांनी उघडलेलं तोंड मिटलं. भीती म्हणजे काय हे त्यांच्याइतकं सोसायटीत कोणाला कळत होतं? रात्रभर जागं राहून पानांचा आवाज ऐकणं त्यांनी स्वतः केलेलं होतं. एका म्हाताऱ्या बाईची झोप हातातून काढून घ्यायची आणि वर सांगायचं की ती सायकल आहे, हे त्यांच्याने होईना. त्यांनी वाटी घेतली.

भारतीबाईंनी ऐकून कपाळाला हात लावला. "आणि उद्या खरंच चोर आला तर? त्या बाई तुमच्या भरवशावर दार उघडं टाकून झोपतील. सांगून टाका."

"सांगतो," भीमराज म्हणाले. "रविवारी."

रविवार हा माधवरावांचा मुहूर्त होता. त्यांनी आपल्या अंगणात सभेची नोटीस काढली होती. विषय एकच: भिंगारदिवेसाहेबांच्या कुत्रीला सर्व सभासदांचा वास देणे, जेणेकरून ती ओळखीच्यांना धरणार नाही. सोसायटीच्या फाटकावर लावायला त्यांनी 'कुत्रीपासून सावध' अशी पाटीसुद्धा रंगवून आणली होती. त्यांच्या अंगणात सतरंजी अंथरली होती. सभासद आले होते, पण प्रत्येकाला मागच्या रांगेत जागा हवी होती. पुढे एकट्या कलाबाई मांडी घालून बसल्या होत्या.

भीमराजांनी फार विचार करून ठरवलं होतं की बोलायचं नाही. सायकलवर बसून सभेत जायचं. ती आपलं ती सांगेल. त्यांनी ताडपत्री काढली, सीटवर बसले आणि भारतीबाईंना फाटक उघडायला सांगितलं. बाहेर सगळा कळप बसला होता.

"डोळे मिटून जा," भारतीबाई म्हणाल्या आणि त्यांनी फाटक उघडलं.

डोळे मिटून सायकल चालवता येत नाही. भीमराजांनी उघड्या डोळ्यांनी पाहिलं, की सगळी कुत्री एकदम उठली. आठवडाभर या घरातून खाणं बाहेर येत होतं. आज तर अख्खा माणूस आला होता. एक भुंकलं, मग सगळी भुंकली. भीमराजांच्या पायांत कुठून बळ आलं कोण जाणे, त्यांनी पेडल मारलं आणि टायग्रेस खरोखरच उसळली. रस्ता माधवरावांच्या घराकडे उताराचा होता. उताराची त्यांना भीती होतीच, पण मागे जे होतं त्याच्यापुढे उतार बरा वाटला. खड्डा आला, सायकल त्यावरून गेली. खडीचा ढीग आला, त्यावरूनही गेली. मेजर खोटं बोलले नव्हते. पाय उंच होते, गुडघे मोकळे होते, वारा कानात शिरत होता, आणि आपण ओरडतोय हे भीमराजांना स्वतःच्या कानांनी ऐकू येत होतं.

सभेने पाहिलं ते असं: भिंगारदिवे प्रचंड वेगाने येत आहेत, तोंडाने आरोळी ठोकत आहेत आणि त्यांच्या मागे एक नाही, कुत्र्यांची पलटण आहे. "सुटली!" माधवराव ओरडले आणि पाटी छातीशी धरून पाण्याच्या टाकीवर चढले. सभासद वाट फुटेल तिकडे गेले. कोणी झाडावर, कोणी घरात, कोणी नुसतेच भिंतीला पाठ लावून.

समोर सतरंजी आणि सतरंजीवर कलाबाई. थांबायला हवं होतं. आपल्याकडच्या सायकलींना डाव्या हाताचा ब्रेक मागच्या चाकाचा असतो, आणि लहानपणापासून आपल्याला शिकवलेलं असतं की वेगात असताना डावा दाबायचा. भीमराजांनी डावा दाबला. पण अमेरिकेत डावा हात पुढच्या चाकाचा. टायग्रेसने पुढचं चाक धरलं आणि एकदा धरलं ते सोडलं नाही. ती तिथल्या तिथे उभी राहिली. भीमराज पुढे गेले. हँडलवरून हवेत, हवेतून सतरंजीवर, आणि सतरंजीसकट घसरत कलाबाईंच्या मांडीपासून हातभर अंतरावर येऊन थांबले. सहा फूट चार इंची माणूस उडताना कुत्र्यांनीही कधी पाहिला नसावा. ती वळली आणि आली त्याच्या दुप्पट वेगाने पळून गेली.

उडालेली धूळ खाली बसली. मग टाकीवरून माधवराव म्हणाले, "ती कुठाय?"

भीमराजांनी पडल्यापडल्याच सायकलकडे बोट केलं. फ्रेमच्या नळीवर मोठ्या इंग्रजी अक्षरांत 'टायग्रेस' असं नाव लिहिलं होतं. माधवरावांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. "मग हार्डटेल म्हणजे?"

"मागे स्प्रिंग नाही," भीमराज म्हणाले.

तीस वर्षं इंग्रजी शिकवलेल्या माणसाला हा घाव जिव्हारी लागणारच. "म्हणजे तुम्ही आमची फसवणूक केलीत," ते खाली उतरत म्हणाले. झाडावरून, घरातून लोक गोळा होऊ लागले, आणि हसण्याच्या आधी त्यांच्या चेहऱ्यांवर दुसरंच काही आलं. "म्हणजे इतके दिवस राखण कोणाचीच नव्हती?" कोणीतरी विचारलं. "आमी तर दारं बी लावत नव्हतो नीट," दुसरं कोणी म्हणालं. भीती परत आली होती, आणि आता तिच्यासाठी धरायला एक माणूस समोर बसलेला होता.

भीमराज उठून बसले. कोपर सोललं होतं. इतकं झालंच आहे तर उरलेलंही होऊन जाऊ दे, असं त्यांना वाटलं. आयुष्यभर जे पोटात दाबून ठेवलं होतं, ते लपवायची ताकदच संपली होती.

"आणि राखण माझ्याकडून होणारही नाही," ते म्हणाले. "मला कुत्र्यांची भीती वाटते. चोरांची तर फारच वाटते. कुठे खुट्ट झालं की मी आधी पांघरूण डोक्यावर घेतो. तुम्ही माझी उंची बघता, पण मी भित्रा माणूस आहे. मावशी, मला माफ करा. तुम्ही माझ्या भरवशावर झोपू नका."

माधवराव जमिनीकडे पाहू लागले. भारतीबाई धावत आल्या होत्या, त्या जागीच थांबल्या. आता पहिलं कोण हसणार, याची भीमराज मान खाली घालून वाट पाहत होते.

कलाबाईंनी पदराने त्यांच्या कोपराची माती पुसली.

"तुमी भित्रं हाय, ह्ये मला ठावं हाय," त्या म्हणाल्या. "शेजारी ऱ्हाते म्या. भित्रं मानूस भित्तीपल्याडनं बी वळखू येतं. पर चोराला कुठं ठावं हाय?"

त्यांनी रस्त्याकडे हात केला.

"त्याला रस्त्यावनं काय दिसणार? येवढा मोठा गडी दिसणार. तुमी निस्तं सांच्याला दारात हुबं ऱ्हायचं. बाकी काय करू नका. आन् तुमी समदी," त्या माधवरावांकडे वळल्या, "आज हितं काय ऐकलं ते कुटं बोलायचं न्हाई. बोललात तर तुमचीच घरं फुटतील."

माधवरावांनी मान डोलावली. मग एकेकाने डोलावली. हसायची वेळ निघून गेली होती.

"उठा आता," कलाबाई भीमराजांना म्हणाल्या. "रस्त्यावनं मानसं जात्यात. बसून ऱ्हायलात तर कळंल कुनाला तरी."

भीमराज सायकलला धरून उठले आणि रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. गुडघे लटपटत होते. पण गुडघे खाली होते, आणि जाणारे येणारे वर बघत होते.